कुंपणालगतचा बांबू : बेटाचा की पळता?

संस्थेच्या अभ्यासिकेमागे भिंतीलगत साठ फूट लांब आणि आठ फूट रुंद अशी मोकळी पट्टी आहे. तेथे काय लावावे हा विषय कार्यकारिणीपुढे आला तेव्हा बहुतेक सभासदांनी एकमुखाने बांबू सुचविला. वाऱ्याची झळ अडते, धूळ कमी होते, खिडकीतून हिरवे दिसते आणि वाढायला वर्षे लागत नाहीत. सूचना चांगली होती. तरीही आम्ही बागसमितीच्या लोकांनी त्या दिवशी होकार दिला नाही. त्याचे कारण सांगणे आणि त्यानिमित्ताने बांबूची थोडी शास्त्रीय माहिती विद्यार्थ्यांपुढे ठेवणे, हा या लेखाचा हेतू आहे.

कारण असे. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकीच एका कुटुंबाने घराच्या बाजूला 'गोल्डन बांबू' या नावाने दहा रोपे आणून लावली. पहिली दोन वर्षे रोपे जेथल्या तेथे राहिली, म्हणून सगळे निर्धास्त. तिसऱ्या वर्षी शेजाऱ्यांच्या अंगणातील फरशीच्या सांध्यातून कोंब वर आले. शेजारीही आपल्या संस्थेचेच सभासद. कोंब कापले तर दोन हात पुढे नवे निघत. अखेर फरशी उखडून दोरीसारखे कंद ओढून काढावे लागले. खर्चापेक्षा वाईट गोष्ट ही की, पौर्णिमेच्या कार्यक्रमाला शेजारी शेजारी बसणारी दोन घरे जवळजवळ वर्षभर एकमेकांशी बोलली नाहीत. संस्थेच्या पट्टीच्या पलीकडेही तीन घरे आहेत. तेव्हा आधी मुळाशी काय आहे ते पाहू, मग ठरवू, असे आम्ही म्हटले.

बांबू हे झाड नव्हे, ते गवत आहे. ऊस, ज्वारी, हरळी यांच्याच कुळातले. त्याची काठी ज्या जाडीने जमिनीतून बाहेर येते त्याच जाडीची जन्मभर राहते. दोन-तीन महिन्यांत ती पूर्ण उंची गाठते आणि त्यानंतर उंचीही वाढत नाही. पुढे वाढतो तो जमिनीखालचा कंद, आणि बांबूचा स्वभाव या कंदावरून ठरतो.

कंदाच्या मुख्य दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत कंद आखूड, जाड आणि वाकडा असतो. थोडे अंतर गेला की त्याचे टोक वर वळते आणि त्याचीच काठी होते. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या बगलेतून नवा कंद निघतो, तोही लगेच वर येतो. म्हणून काठ्या एकमेकींना खेटून राहतात आणि त्यांचे बेट तयार होते. आल्याचा गड्डा ज्याने हाताळला आहे त्याला ही रचना चटकन समजेल. दुसऱ्या तऱ्हेत कंद बोटाएवढा बारीक आणि लांबच लांब असतो. तो जमिनीखालून आडवा धावतो, त्याचे टोक वर न येता पुढेच जात राहते आणि मधल्या गाठींच्या डोळ्यांतून काठ्या फुटतात. शेतात हरळी कशी पसरते ते आपण पाहतोच, तीच ही रीत. पहिल्याला आपण बेटाचा बांबू म्हणू आणि दुसऱ्याला पळता बांबू.

आपल्याकडे बांबू म्हटले की बेटच डोळ्यांपुढे येते. भारतातील बहुतेक रानटी जाती बेटाच्याच आहेत, आणि म्हणून आपल्या लोकांना पळत्या बांबूची सवय नाही. पळत्या जातींचे मूळ घर चीन, जपान आणि थंड डोंगराळ मुलूख. आपल्या देशातही अरुणाचल प्रदेशात झिरोच्या खोऱ्यातील आपातानी लोक फायलोस्टॅकिस या पळत्या बांबूची जोपासना पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. तेथे त्याला मोकळी जागा आणि राखण आहे, त्यामुळे तो उपकारक ठरतो. तोच बांबू दोन घरांच्या मधल्या बोळात आला की तंट्याचे मूळ होतो. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने तर 2013 साली कायदाच केला, आणि पळता बांबू लावणाऱ्यावर शेजाऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी टाकली.

आता घोटाळा कोठे होतो ते पाहा. 'गोल्डन बांबू' हे नाव दोन अगदी निराळ्या वनस्पतींना दिले जाते. एक फायलोस्टॅकिस ऑरिया. हा पळता आहे. दुसरा बांबुसा व्हल्गॅरिसचा पिवळा प्रकार, ज्याच्या सोनेरी काठीवर हिरव्या रेघा असतात. तो बेटाचा आहे, पण उंची तीस-चाळीस फुटांवर जाते आणि काठी मनगटाएवढी होते. म्हणजे एकाच नावाखाली एक शेजाऱ्याच्या घरात जाणारा आणि दुसरा विजेच्या तारेला भिडणारा! रोपवाटिकेतील माणूस मुद्दाम फसवतो असे आम्ही म्हणणार नाही. बहुधा त्यालाही बाहेरगावाहून त्याच नावाने माल आलेला असतो. म्हणून नावावर न जाता रोप स्वतः पाहावे.

रोप पाहताना पहिली खूण फांद्यांची. फायलोस्टॅकिसच्या प्रत्येक गाठीवर बहुधा दोनच फांद्या असतात, एक जाड आणि एक बारीक. आणि फांदीच्या वरच्या कांड्यावर एका बाजूने उभी खाच असते. काठीवरून अंगठा फिरवला तर ती लागते. बांबुसा जातीच्या गाठीवर मात्र अनेक फांद्यांचा झुबका असतो आणि कांडे गोल असते. ऑरियाची आणखी एक ओळख म्हणजे काठीच्या बुडाकडील काही गाठी एकमेकींजवळ दाटून वेड्यावाकड्या आलेल्या असतात. दुसरी खूण पिशवीत. पिशवी बाजूने थोडी फाडून पाहावी, विक्रेत्याने हरकत घेतली तर तेथून उठावे. कडेकडेने दोरीसारखा कंद गोल फिरलेला दिसला तर रोप पळत्याचे. तिसरी खूण ऋतूची. पळत्याचे नवे कोंब बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर येतात, बेटाच्या बांबूचे पावसाळ्यात. ही तिसरी खूण एकटीने पुरेशी मानू नये, कारण भरपूर पाणी मिळाले तर कोंब मागेपुढे येतात.

विद्यार्थ्यांनी एक अपवाद ध्यानात ठेवावा. मिझोराममधील मुली नावाचा बांबू, मेलोकॅना, वर्गीकरणाने पहिल्या तऱ्हेत मोडतो, पण त्याच्या कंदाची मान फार लांब असते. त्यामुळे त्याच्या काठ्या सुट्या सुट्या उगवतात आणि तो रानभर पसरतो. तेव्हा पुस्तकातील गट पाहून थांबू नये, मान किती लांब आहे ते पाहावे. याच मुलीला सुमारे 48 वर्षांनी एकदम फुलोरा येतो. बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि मग भातशेतीवर तुटून पडतात. 1959 च्या सुमारास असा दुष्काळ पडला. त्या वेळी मदतकार्यासाठी उभी राहिलेली संघटना 1961 साली मिझो नॅशनल फ्रंट या राजकीय पक्षात बदलली. गवताच्या एका फुलोऱ्याने एका राज्याचा इतिहास बदलावा, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही वाचण्यासारखे आहे. पुढचा मोठा फुलोरा 2006-07 च्या सुमारास आला.

फुलोऱ्यानंतर बेट मरते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. पाली वाङ्मयात देवदत्ताच्या प्रसंगी फळ धरून नष्ट होणाऱ्या वेळूचा दृष्टान्त आला आहे. आणि मगधराज बिंबिसाराने भगवान बुद्धांना राजगृह येथे जे उद्यान दान दिले ते वेळुवनच होते. पालीतील 'वेळु' आणि आपल्या खेड्यातील 'वेळू' यांत फरक तो काय!

असो. पट्टीकडे वळू. आमच्यापुढे पाच नावे आली.

मानवेल, म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, हा आपल्या राज्यातील रानांचा मुख्य बांबू. कोरड्या हवेत टिकतो, काठी जवळजवळ भरीव. आपल्या भागातील सातशे मिलिमीटरच्या आसपासच्या पावसात तगणारा म्हणून आम्हांला तो मनापासून आवडतो. पण उन्हाळ्यात पाने गाळतो, म्हणजे आडोसा हवा तेव्हाच उघडा पडतो; शिवाय आठ फुटांच्या पट्टीत त्याचे बेट मावणार नाही. ज्यांची शेती आहे त्यांनी तो बांधावर अवश्य लावावा. काटस, म्हणजे काटेरी कळक, गावकुसाला ठीक, पण मुले ये-जा करतात तेथे नको. कोकणातील माणगा बिनकाट्याचा आणि सरळ. मात्र त्याला कोकणचा ओलावा मानवतो आणि त्याच्या बुडाशी फांद्या कमी, त्यामुळे खालून आडोसा होत नाही. पिवळ्या बांबूचे वर सांगितलेच.

चौथ्या नावावर सभेत थोडी गंमत झाली. 'बुद्धा बेली' असे नाव ऐकून काही सभासदांनी आपल्या संस्थेला हाच शोभेल म्हणून आग्रह धरला. त्यांना सांगावे लागले की, या नावाशी तथागतांचा काही संबंध नाही. पोट सुटलेला जो 'हसरा बुद्ध' दुकानांत दिसतो तो बुदाई नावाचा चिनी भिक्षू, आणि कांडी त्या पोटासारखी फुगतात म्हणून बांबूला ते नाव पडले. तेही फुगणे कुंडीत, मुळे आवळली गेल्यावर होते. जमिनीत भरपूर पाणी मिळाले की तोच बांबू सरळसोट उंच वाढतो. जाता जाता, घरात पाण्याच्या बरणीत ठेवतात तो 'लकी बांबू' तर बांबूच नाही. ती ड्रॅसिना नावाची वनस्पती आहे.

शेवटी आम्ही बांबुसा मल्टिप्लेक्स निवडला. रोपवाटिकेत याला हेज बांबू किंवा चायनीज बांबू म्हणतात. मूळ चीनकडचा असला तरी तो बेटाचा आहे. काठी बोटाएवढी, उंची दहा ते वीस फूट, अंगावर काटा नाही, बुडापासून पाने दाट, आणि छाटणी चांगली सोसतो. वीस वर्षे शेती खात्यात काढलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी प्रत्येक रोपाची पिशवी पाहून मगच माल उतरवून घेतला.

लागवडीचा आमचा हिशेब असा. भिंतीपासून चार फुटांवर एक ओळ. दोन रोपांत तीन फूट, टोकांना दीड-दीड फूट सोडून साठ फुटांत बरोबर वीस रोपे. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली मुरूम किंवा काळा पाषाण लागतो. काळ्या मातीत पाणी साचून कंद कुजतो, म्हणून खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळले. लागवड जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर. पाण्याचा प्रश्न मोठा होता. आपल्या शहराने नाथसागर उशाशी असूनही नळाच्या पाण्यासाठी कितीतरी वर्षे दिवस मोजले आहेत. पिण्याचे पाणी बागेला घालणे आम्हांला पटेना, म्हणून अभ्यासिकेतील हात धुण्याचे सांडपाणी पट्टीत वळविले. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नये, त्यानंतर गरज कमी होते. गळलेली पाने झाडून जाळू नयेत; बुंध्याशी पसरली तर ओल टिकते.

बेटाचा बांबू पळत नाही याचा अर्थ तो वाढत नाही असा नव्हे. बेट दरवर्षी थोडे रुंदावते. ज्या बाजूला नको त्या बाजूचे कोंब पावसाळ्यात कोवळे असतानाच मोडावेत, ते पुन्हा येत नाहीत. शेंडा एकदा छाटला की ती काठी उंच होत नाही, फक्त पालवते. तीन वर्षांपुढील काठ्या हिवाळ्यात जमिनीलगत गाठीच्या वर कापाव्यात. बांबूत साप येतात अशी भीती काहींनी घातली. ती अगदीच खोटी नाही. दाट, न साफ केलेल्या बेटाखाली उंदीर राहतात आणि त्यांच्यामागे साप येतो. म्हणून बुडातील वाळक्या काठ्या दरवर्षी काढायच्या असे ठरले आहे.

कापण्याला परवाना लागतो का, असे एकाने विचारले. 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबू 'वृक्ष' धरला होता. नोव्हेंबर 2017 मध्ये वटहुकूम निघाला आणि वनाबाहेर वाढणारा बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला. जंगलातील बांबूची गोष्ट वेगळी. तेथे वनहक्क कायद्याचा आधार घेऊन गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ग्रामसभेने दीर्घ पाठपुरावा केला, आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळविला. आमच्या पट्टीतील बोटभर काठ्यांना एवढा मान नाही. त्या भाजीच्या वेलांना आधार म्हणून सभासदांनी न्याव्यात.

आता अभ्यासिकेच्या विद्यार्थ्यांसाठी काम. वीस बेटांना भिंतीकडून एक ते वीस क्रमांक दिले आहेत. दरवर्षी पाऊस संपल्यावर प्रत्येक बेटाची रुंदी टेपने मोजावी, त्या वर्षीच्या नव्या काठ्या मोजाव्यात आणि दारामागे टांगलेल्या वहीत तारखेसह लिहावे. रुंदी चार फुटांवर गेलेले बेट आढळले तर समितीला त्याच आठवड्यात कळवावे. शेजारच्या तीनही घरी ही वही दाखविण्याचे आम्ही कबूल केले आहे.