आठवीतलं पोर आणि कोयत्याचं रील

रात्रीची जेवणं उरकली होती, मी ओटा पुसत होते. आमचा आठवीतला मुलगा मोबाइल घेऊन मागे येऊन उभा राहिला. "आई, हे बघ, आपल्याच इकडचं आहे." पंधरा-वीस सेकंदांचं रील. तोंडाला रुमाल बांधलेली तीन-चार पोरं, हातात कोयते, ओळीनं लावलेल्या दुचाक्या आडव्या पाडत चाललेली. मागे दणदणीत गाणं.

मुलाच्या चेहऱ्यावर भीती होती आणि थोडं कौतुकही. मी मोबाइल हिसकावला, "असलं बघतोस?" म्हणून ओरडले आणि त्याला झोपायला पाठवलं. त्याला काय वाटलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

तुमच्याही घरी असंच होत असेल. दिवसभराच्या दगदगीनंतर रात्री दहाला कुणाच्या अंगात त्राण असतं?

आम्ही पुण्यात, धनकवडीत राहतो. 2022 च्या अखेरीपासून 'कोयता गँग' हा शब्द इथल्या घराघरात आहे. ही काही एकच टोळी नाही. कोयता फिरवून दहशत माजवणाऱ्या सुट्या सुट्या पोरांना पडलेलं ते नाव. पोलिसांनी कोयते विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघायला लावलं, पकडलेल्यांना त्यांच्याच वस्तीतून फिरवलं. तरी बातम्या येतातच, आणि त्यात वारंवार एक शब्द असतो: अल्पवयीन.

ऊसतोड कामगारांत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांच्या रोजीरोटीचा तो शब्द. आज माझ्या मुलाला त्याचा एकच अर्थ ठाऊक आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

या बातम्यांमधलं कारण कधी नीट वाचलंय? 'खुन्नसने बघितल्याच्या रागातून.' 'धक्का लागल्याच्या कारणावरून.' एवढंसं कारण, आणि एक पोर दवाखान्यात, दुसरं येरवड्याच्या निरीक्षणगृहात.

यामागे बरंच काही आहे. करोनात सुटलेली आणि परत न धरलेली शाळा, हाताला नसलेलं काम, अल्पवयीन पोरांना पुढे करणारे गल्लीतले भाई. फेब्रुवारी 2021 मध्ये एक टोळीप्रमुख तळोजा तुरुंगातून सुटला, तेव्हा गाड्यांच्या ताफ्यातून त्याची मिरवणूक निघाली आणि पोरांनी ती मोबाइलवर पाहिली. 'आपण कुणीतरी आहोत' असं वाटण्याची भूक त्या वयात पोटातल्या भुकेइतकीच खरी असते. त्या मिरवणुकीत पोरांना ती भागताना दिसली.

हे सगळं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण खुन्नस हा शब्द मुलं फक्त रस्त्यावर शिकतात का, या प्रश्नानं माझी झोप उडवली.

सिग्नलला कुणी कट मारला की मागे मूल बसलेलं असतानाच आपण काच खाली करून काय काय बोलतो! मुलगा मार खाऊन आला तर "तूही एक ठेवून द्यायचीस ना" हे आपल्या तोंडून किती सहज निघतं! मीही म्हटलंय. आपलं लेकरू कुठे कमी पडू नये, एवढंच मनात असतं. पण त्याला ऐकू येतं ते वेगळंच: गप्प बसला तो हरला. आणि मार्कांवरून पाहुण्यांसमोर त्याचा पाणउतारा करतो तेव्हा तर त्याला मान खाली घालायला आपणच लावतो.

दुसऱ्या दिवशी मी पोहे करताना सहज विषय काढला. मोबाइलचं नाव घेतलं नाही. "ती गाड्या फोडणारी पोरं... तुला भीती वाटते का रे?" बराच वेळ तो शेंगदाणे वेचत राहिला. मग म्हणाला, "क्लासच्या गल्लीत चौघं थांबतात. एकानं विचारलं, का बघतोस? मी आता लांबून जातो."

तीन आठवडे तो लांबून जात होता. उशीर होतो म्हणून मी त्याला रोज बोलत होते.

त्या दिवशी मी त्याला सदाशिव पेठेतली गोष्ट सांगितली. जून 2023 मध्ये भर रस्त्यात एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे लागला होता. तिला वाचवलं ते तिथेच स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांनी. आपण पोरांना कोयतेवाल्याबद्दल बजावत राहतो, त्या वाचवणाऱ्या मुलांबद्दल बोलायचं विसरतो. आणखी एक सांगून ठेवलं. 'अठराच्या आत काही होत नाही' असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार जघन्य गुन्ह्यात सोळा वर्षांपुढच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालू शकतो.

आता क्लासला त्याचे बाबा सोडतात, येताना तो दोन मित्रांबरोबर येतो. पोलीस चौकीतही जाऊन सांगून आलो. त्या चौघांतला एक आमच्या दूधवाल्याचा भाचा निघाला. सोळा वर्षांचा, नववीतून शाळा सुटलेला.

तुमचं मूल अलीकडे रस्ता बदलून जात असेल, उगाच उशिरा येत असेल, तर रागवायच्या आधी एकदा शेजारी बसून विचारा. आणि 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा. तो चोवीस तास चालू असतो.