नाव परत मिळाले

पाठ : निर्गम २:१–१०

लव्हाळ्याच्या पेटाऱ्यातील बाळाची गोष्ट आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलो आहोत. तिच्यातील एक बाब मात्र सहसा नजरेतून सुटते. मोशे परक्या घरी वाढला, तरी आईशी असलेला त्याचा धागा तुटला नाही. बहीण दूर उभी राहून पाहत होती आणि खुद्द आईच दाई होऊन त्याला दूध पाजीत होती. म्हणूनच पुढे आपले भाऊबंद कोण, हे त्याला ठाऊक होते. हा धागा तोडला तर मुलाचे काय होते, हे इंग्लंडमधील कवी लेम सिसे यांच्या जीवनावरून आपण पाहू.

१. धागा तुटतो

लेम यांची आई १९६६ साली इथिओपियाहून शिक्षणासाठी इंग्लंडला आली. मे १९६७ मध्ये विगन शहराजवळ तिला मुलगा झाला. काही काळ कोणी त्याला सांभाळावे, एवढेच तिचे मागणे होते. दत्तकपत्रावर सही करण्यास तिने साफ नकार दिला. परक्या मुलाला आपल्या घरी सांभाळण्याच्या ह्या व्यवस्थेस तिकडे फॉस्टर केअर म्हणतात. दत्तक घेणे वेगळे आणि ही सोपवणूक वेगळी. तथापि सरकारी अधिकाऱ्याने बाळाला नॉर्मन हे स्वतःचेच नाव दिले, आणि हा कायमचा तुमचाच समजा, असे सांगून एका बॅप्टिस्ट कुटुंबाच्या हाती सोपविले.

ते घर प्रार्थनेचे होते, हे आपण विसरू नये. बारा वर्षे तो मुलगा त्यांनाच आईबाबा म्हणत होता. मग वयात येणाऱ्या मुलाच्या साध्या खोड्या सुरू झाल्या : न विचारता बिस्किटे खाणे, घरी उशिरा येणे. त्यांत त्या दांपत्याला सैतानाचा हात दिसला, असे सिसे सांगतात. त्याला बालगृहात धाडण्यात आले आणि घराचे दार बंद झाले. पुढे एकामागून एक चार बालगृहे झाली. शेवटचे तर जवळजवळ तुरुंगच होते.

२. दोन कागद

सरकारी देखरेखीतून बाहेर पडण्याच्या सुमारास त्याच्या हाती दोन कागद आले. एक जन्मदाखला, त्यावर खरे नाव होते, लेम सिसे. दुसरे १९६८ सालचे आईचे पत्र; त्यात ती आपले मूल परत मागत होती. म्हणजे तो टाकलेला नव्हता. अम्हारिक भाषेत लेम ह्या शब्दाचा अर्थ ‘का?’ असा होतो.

३. शब्दांचा आसरा

घरात आपल्या लहानपणच्या गोष्टी कोणीतरी सांगत असते. ज्याला घरच नाही, त्याच्या आठवणींना साक्षीदार कोण? सिसे यांच्या कविता हीच त्यांची साक्ष झाली. सतराव्या वर्षी बेकारी भत्त्याच्या पैशांतून त्यांनी कवितांची पुस्तिका छापली आणि लँकेशायरमधील संपकरी खाणकामगारांना विकली. १९८८ साली पहिला कवितासंग्रह निघाला. एकविसाव्या वर्षी गांबिया देशात आईची भेट झाली. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकसाठी त्यांनी १८८८ सालच्या काडेपेटी कारखान्यातील मुलींच्या संपावर कविता लिहिली. २०१५ ते २०२२ ह्या काळात ते मँचेस्टर विद्यापीठाचे कुलपती होते.

४. चुकीचा बोध टाळू या

दुःखानेच मनुष्य मोठा होतो, असा बोध येथे घेऊ नये. तशाच बालगृहांतून गेलेली किती मुले मोडून पडली! सिसे यांना उभे केले ते छळाने नव्हे. खरे नाव, खरी हकीकत आणि ऐकून घेणारी माणसे ह्यांनी. स्वतःची सरकारी कागदपत्रे मिळवण्यासाठी त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ झगडा केला. ती २०१५ साली मिळाली. त्यांच्या आधाराने त्यांनी २०१९ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

५. आपल्यासाठी

सिसे यांनी २०१३ पासून बालगृहांतून बाहेर पडलेल्या तरुणांसाठी नाताळच्या दिवशी जेवणाचा कार्यक्रम सुरू केला. ज्या मुलाला भक्तिमान घराने दूर केले, त्यानेच पोरक्यांसाठी नाताळचे ताट मांडले! आपल्या देशातही २०१५ च्या बाल न्याय कायद्यात प्रतिपालक कुटुंबांची तरतूद आहे. मंडळीतील कोणी असे मूल घरी आणील, तर त्याचे नाव बदलण्याची घाई करू नये. त्याच्या आईविषयी कडू बोलू नये. त्याची खोडी ही खोडीच समजावी. आणि घर त्याला चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून नव्हे, तर घर म्हणूनच द्यावे.

विचारासाठी प्रश्न

१) मोशेच्या बाबतीत आईचा धागा कोणी कोणी राखला?
२) भक्तिमान घरातही मूल परके का होते?
३) येत्या नाताळात आपल्या पंगतीत कोणाची जागा रिकामी आहे?