सुरकुत्यांची सुई: शुगर, हृदयविकार असेल तर आधी हा हिशेब

घरात लग्न ठरलं की कपाळावरच्या आठ्या आरशात जास्त दिसू लागतात आणि बोटॉक्सची चौकशी सुरू होते. हा खर्च युनिटवर ठरतो. भुवयांमधल्या आठ्यांना साधारण 20 युनिट लागतात, दोन्ही डोळ्यांच्या कडांना मिळून 24. युनिटला 300 रुपये धरले तर आठ्यांचेच 6,000 आणि कडांचे 7,200 होतात. असर तीन-चार महिनेच टिकतो, म्हणजे वर्षातून तीनदा तरी हा खर्च. डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडचं युनिट वेगळं, तिथे आठ्यांनाच 50 लागतात. त्यामुळे युनिट स्वस्त आहे यावर जाऊ नका. अख्ख्या भागाचा दर जीएसटीसह विचारा. आरोग्य विमा हा खर्च देत नाही.

जुनं दुखणं असेल तर सुईच्या आधीचा खर्च टाळू नका. शुगर आटोक्यात असेल आणि टोचायच्या जागी पुटकुळी, संसर्ग नसेल तर सहसा अडचण येत नाही. तीन महिन्यांची सरासरी शुगर मात्र आधी तपासून घ्या. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे टोचलेल्या जागी काळंनिळं पडतं आणि काही दिवसांत जातं. तेवढ्यासाठी कुणी गोळ्या बंद करायला सांगितलं तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेततं.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस किंवा तत्सम स्नायू दुबळे करणारा आजार असेल तर ही सुई नकोच, कितीही सूट मिळो. औषध स्नायूंना मिळणारा मज्जातंतूंचा संदेशच अडवतं. आधीच तो क्षीण असलेल्यांचं गिळणं, श्वास अडू शकतो. 2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची (गियान-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) साथ आली होती. तो आजार होऊन गेलेल्यांनीही डॉक्टरांना आवर्जून सांगावं. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं सुरू असतील, गरोदरपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर थांबा.

पार्लरमधल्या स्वस्त 'कॅम्प'ला माझा ठाम विरोध आहे. अमेरिकेत 2024 मध्ये बनावट किंवा अप्रशिक्षित हातांनी दिलेल्या अशा सुयांनी 11 राज्यांत 22 जणांना त्रास झाल्याचं समोर आलं, त्यातल्या 11 जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात तर उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात जातो आणि बोटॉक्सची बाटली 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. ती फ्रीजमधून तुमच्यासमोर काढायला लावा. बाटली जवळजवळ रिकामी दिसते, कारण तळाशी पावडरीचा पातळ थरच असतो. सलाईन तुमच्यादेखत मिसळू द्या. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख दिसेल असा फोटो काढा, पक्कं बिल घ्या.

डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येते. आजाराबद्दल शंका असेल तर जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. तिथल्या ओपीडीत सल्ला अगदी कमी खर्चात मिळतो. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

सुईनंतर काही तासांपासून काही आठवड्यांपर्यंत कधीही पापणी पडली, दोन-दोन दिसू लागलं किंवा आवाज बदलला तर डॉक्टरांना लगेच दाखवा. घास गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर थेट 108 ला फोन करा.