घराची खरी शोभा

(वाचावे: यिर्मया २२:१३-१७, २ राजे ४:८-१०)

नाताळ जवळ आला की आपण घर सारवितो, भिंतींस चुना देतो, दारी तोरण बांधितो. हे योग्यच आहे. स्वच्छता व सौंदर्य ही देवाचीच दाने होत. परंतु शास्त्रातील दोन घरांकडे पाहा.

यहूदाचा राजा यहोयाकीम (इ. स. पूर्व ६०९ ते ५९८) याने आपल्या वाड्यास गंधसरूच्या फळ्या बसवून हिंगुळाचा रंग दिला, पण राबणाऱ्यांची मजुरी बुडविली. म्हणून यिर्मया संदेष्ट्याने त्या वाड्याचा धिक्कार केला. शुनेम येथील बाई धनवान होती. तरी अलीशासाठी बांधिलेल्या माडीवरील लहान खोलीत तिने खाट, मेज, बैठक व दिवा एवढेच ठेविले. त्या खोलीची शोभा पाहुण्याच्या विसाव्यात होती.

तर मग चुना आणण्यापूर्वी गड्याची मजुरी चुकती करा. सजावटीसाठी सावकाराचे दार ठोठावू नका. शेणामातीने सारविलेली भिंतही प्रभूला मान्य आहे. आणि वाटसरूसाठी एक घोंगडी व एक दिवा अवश्य राखून ठेवा.

मननासाठी प्रश्न: माझ्या घराच्या शोभेत कोणाचे अश्रू मिसळले आहेत काय?