दार अडकतंय, दुखणं डोलकाठीखाली

प्रश्न: मी अमेरिकेत ऱ्होड आयलंडला राहतो. मित्राबरोबर भागीत 1963 सालची ‘पिअर्सन ट्रायटन’ ही फायबरची शिडाची बोट घेतली आहे. डोलकाठीच्या बाजूच्या तारा कसल्या की आतल्या टॉयलेटचं दार अडकतं. सैल केल्या की निमूट लागतं. डोलकाठीच्या बुडाशी डेकही जरा खचल्यासारखा दिसतो. बोट दाखवली तर एकाने सांगितलं, दार थोडं तासून घ्या. दाराचा आणि डोलकाठीचा संबंध काय?

उत्तर: दार तासू नका. डेक किती दबतोय हे सध्या तुम्हाला तेवढं एक दारच सांगतंय.

तुमची बोट घराण्याची आहे. जन्माने स्वीडिश असलेल्या कार्ल आल्बर्ग यांनी ती आखली आणि क्लिंटन व एव्हरेट या पिअर्सन चुलतभावांनी तुमच्याच राज्यातल्या ब्रिस्टल गावी बांधली. 1959च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये ती लोकांपुढे आली आणि पुढच्या काही वर्षांत अशा सातशेच्या आसपास बोटी निघाल्या. फायबर किती टिकेल हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे हात सैल सोडून जाड थर दिले गेले. जेम्स बाल्डविन या अमेरिकी दर्यावर्दीने ‘अ‍ॅटम’ नावाच्या ट्रायटनमधून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली. म्हणजे बाहेरच्या कवचाची काळजी नको. घात करतं ते आत दडलेलं लाकूड.

काही बोटींत डोलकाठी डेकमधून आरपार जाऊन थेट तळाच्या कण्यावर उभी असते. ट्रायटनची डेकवरच टेकते. डेकखाली आडवी तुळई, तुळईखाली दाराच्या दोन्ही अंगांना आधार, ते आडव्या भिंतीला जोडलेले आणि ती भिंत बोटीच्या पोटाला. बाजूच्या तारा डोलकाठीला नुसत्या धरून ठेवतात असं वाटतं, पण जितक्या कसाल तितक्या त्या तिला खाली दाबतात. वारा भरला की वाऱ्याकडची तार आणखी ताणते आणि तो सगळा भार डोलकाठीच्या बुडाशी येतो. भरवाऱ्यात तो जवळजवळ अख्ख्या बोटीच्या वजनाइतका होऊ शकतो. दार नेमकं या तुळईच्या पोटाखाली आहे. तुळई काही मिलिमीटर वाकली तरी चौकट वरून दबते आणि दार अडकतं.

आता तपासणी. दाराच्या चौकटीची उंची दोन्ही कडांना आणि मधोमध मोजा. एकदा तारा कसून, एकदा सैल करून. फरक पडला तर तुळई हलते आहे. मग डेकवर हातोडीच्या लाकडी दांड्याने टकटक करत जा. खणखणीत आवाज एकदम बद्द झाला की तिथे खडूने खूण करा. हा डेक म्हणजे फायबरचे दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये बाल्सा लाकूड. एखाद्या स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की बाल्साचा लगदा होतो. खात्री करायची तर केबिनमधून वरच्या दिशेने, वरचा पापुद्रा न फोडता, बारीक भोक पाडा. भुसा कोरडा, फिकट आला तर उत्तम. काळपट, ओला, बोटांत चुरगळणारा आला तर डेक उघडावा लागणार. भोकांतून पातळ इपॉक्सी टोचून काम भागतं असं सांगणारे भेटतील. ओलं लाकूड ते पिणार नाही. पैसे आणि रविवार दोन्ही जातील.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि डेक नवा करून मोकळे होतात. तुम्ही केबिनच्या तळाच्या फळ्या उचका आणि खाली वाका. आधारांचे आणि भिंतीचे पाय जिथे बोटीच्या पोटाला टेकतात तिथे पाणी साचून राहतं. तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. टोक लोण्यात जावं तसं आत गेलं, किंवा भिंत पोटाला जोडणारी फायबरची पट्टी सुटलेली दिसली, तर दुरुस्ती तिथूनच सुरू होते. पाय कुजके ठेवून वर कितीही भक्कम बांधलं तरी दार पुन्हा अडकणार.

डोलकाठी क्रेनने उतरवून घ्या; ती उभी असताना हे काम करू नका. मग गाडीचा बॉटल जॅक आणि एक भक्कम खांब घेऊन तुळई सावकाश वर उचला. जॅकखाली लांब, जाड फळी हवी, नाहीतर भार एका बिंदूवर येऊन पोटच फुगेल. घाई नको: रोज थोडं उचला, चौकट मोजा, थांबा. कुजलेले पाय कापून नवे बसवा आणि काचकापड व इपॉक्सीने पोटाला बांधा. तुळईला दोन्ही बाजूंनी जोड द्या, किंवा तडकली असेल तर नवीच घाला. वाटेत मधोमध स्टीलचा खांब उभा करणं सर्वांत सोपं आहे, पण रात्री टॉयलेटला जाताना रोज त्याच्यावर आपटाल. मी तुळईच भक्कम करेन.

डेकचा वरचा पापुद्रा कापून लगदा खरवडून काढा. डोलकाठीच्या बुडाखाली पुन्हा बाल्सा नको. तिथे भरीव काचकापडाचे थर द्या. कडा लांब उतरत्या घासा, जाडीच्या बारापट तरी. जुन्या फायबरवर इपॉक्सी पॉलिएस्टर रेझिनपेक्षा चांगलं धरतं. एका वेळी दोन-तीनच थर. जाड गोळा एकदम ओतला तर तो तापून तडकतो. वाळल्यावर वर मेणचट साय येऊ शकते, ती आधी पाण्याने धुवा, मगच घासा. हातमोजे आणि मास्क चुकवू नका; इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही. आणि स्क्रूची भोकं मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीने भरा, मग त्यातून नवी पाडा, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचायची वाटच राहणार नाही.

डोलकाठी परत चढवाल तेव्हा ती पूर्वीपेक्षा किंचित उंच बसेल. तारा आखूड वाटल्या तर घाबरू नका, तारा कसायच्या-सोडायच्या टर्नबकलमध्ये तेवढी जागा आहे का ते आधी बघा.

प्रश्न: डोलकाठीखाली नाणं ठेवतात म्हणे. खरं आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: खरं आहे आणि फार जुनं आहे. लंडनमध्ये थेम्सच्या गाळात 1962 साली ब्लॅकफ्रायर्स इथे एक रोमन जहाज सापडलं. त्याच्या डोलकाठीच्या खोबणीत सम्राट डोमिशियनचं नाणं होतं, मागच्या बाजूवर भाग्यदेवता फॉर्च्युना. आजही हौशी लोक नाणं ठेवतात. पण डोलकाठी ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याचं नाणं तिला भिडू देऊ नका. खारं पाणी मिळालं की ॲल्युमिनियम खात सुटतं. ठेवायचंच असेल तर नव्या थरात इपॉक्सीमध्ये पूर्ण बुडवून ठेवा.