सोसू नकोस, सांग

अगं, डॉक्टरांनी बायोप्सी लिहून दिल्यापासून तुझी झोप उडालीय, हे फोनवर आवाजावरूनच कळलं. छातीतली गाठ म्हणजे कॅन्सरच असं नसतं; काय आहे ते पक्कं कळावं म्हणून तर ही तपासणी. पण तुला धास्ती सुईची आहे, तर तिच्याबद्दलच बोलूया.

आधी भुलीचं इंजेक्शन देतात, लिग्नोकेनचं. पुष्कळ जणींना तेच जास्त झोंबतं. औषध आम्लधर्मी असल्यामुळे आत जाताना काही सेकंद आग होते. ती कमी करता येते: सुई बारीक घ्यायची, औषध सावकाश सोडायचं, अंगाइतकं कोमट करायचं किंवा त्यात थोडं सोडा-बायकार्बचं इंजेक्शन मिसळायचं. यातलं काय करणार, हे डॉक्टरांना आधीच विचार. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दाताच्या भुलीचा कधी त्रास झाला असेल, तर तेही तेव्हाच सांग.

भूल चढायला एक-दोन मिनिटं लागतात, तेवढं थांबायला सांग. नंतर दाब जाणवेल, ओढल्यासारखं वाटेल, तुकडा घेताना टक्कन आवाज येईल; दचकू नकोस. पण कळ आली, तर भूल कमी पडलीय असं समज. हात झटकू नकोस, तोंडाने बोल. यशवंतपूरच्या त्या दवाखान्यातली सिस्टर कन्नडच बोलणारी असली तर ‘नोवागुत्तिदे’, म्हणजे ‘दुखतंय’, एवढं पुरे. औषधाची मर्यादा वजनावर ठरते, ती डॉक्टर सांभाळतात. त्या मर्यादेत आणखी भूल देता येते.

आपल्या घरात सोसणाऱ्या बाईचं फार कौतुक. इथे मात्र सोसून कुणाचंच भलं होत नाही. दुखलं की अंग आक्रसतं, नेम धरणं अवघड होतं आणि काम लांबतं.

यशवंतपूरहून घरी जाताना ऑटो कर. मेट्रोच्या गर्दीत कुणाचा कोपर लागायला नको. एक-दोन तासांनी भूल उतरेल, तेव्हा कापडात गुंडाळून बर्फ धर. पॅरासिटामॉल चालेल का, ते निघतानाच विचारून घे. ॲस्पिरिन मनाने घेऊ नकोस. त्या दिवशी जड बादली उचलायची नाही.

दुखण्याच्या आठवणीने कितीतरी जणी पुढची तपासणी टाळतात, आणि महागात पडतं ते हेच. म्हणून भूल नीट मागून घे. तो तुझा हक्कच आहे.