घरच्या अंधारखोलीतील रसायने

आपल्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढला, तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रसायने कालविण्याचे व फिल्म धुण्याचे काम शिकल्या होत्या. घरगुती अंधारखोली आपल्याला परकी नाही ती अशी. एकदा टिपलेले चित्र पुन्हा टिपता येत नाही. ते राहणार की जाणार, हे बाटलीतले द्रावण ठरविते. म्हणून घरी कृष्णधवल फिल्म धुताना मी जे नियम पाळतो, ते येथे देत आहे.

पहिला नियम क्रमाचा. कोडॅकच्या डी-७६ या डेव्हलपरसाठी लिटरमागे मेटॉल २ ग्रॅम, सोडिअम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम व बोरॅक्स २ ग्रॅम लागते. सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पाऊण लिटर पाण्यात ती याच क्रमाने, एक पुरते विरघळल्यावर दुसरे, अशी टाकावीत. मग गार पाण्याने लिटर पुरा करावा. सल्फाइट डेव्हलपरला हवेपासून जपते. परंतु दाट सल्फाइटमध्ये मेटॉल नीट विरघळत नाही. म्हणून पहिला मान मेटॉलचा. आम्लयुक्त हायपोत मात्र सल्फाइट आम्लाच्या आधी घालावे, नाहीतर गंधकाचा साका बसतो. हायपो विरघळताना पाणी फार थंड होते. सुरुवातीस ते गरमच घ्यावे.

दुसरा नियम साठवणीचा. डेव्हलपरचा वैरी हवा. मोठी अर्धी बाटली ठेवण्यापेक्षा तपकिरी काचेच्या लहान बाटल्या काठोकाठ भराव्यात. पातळी उतरली तर स्वच्छ काचेच्या गोट्या टाकून ती वर आणावी. हायपोचे भांडे व नरसाळे वेगळे ठेवावे. त्याचे थेंब डेव्हलपरमध्ये पडता कामा नयेत. नाशिकच्या वैशाखात द्रावण २० अंशांवर आणण्यासाठी बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करावी.

तिसरा नियम घरच्या माणसांसाठी. सरबताच्या बाटलीत रसायन भरू नये. प्रत्येक बाटलीवर नाव व तारीख लिहावी आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. मेटॉलने काहींच्या हातांना पुरळ उठते, यास्तव रबरी हातमोजे घालावेत. स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत.

शेवटी एक सोपी परीक्षा. फिल्म धुण्यापूर्वी तिच्या टोकाचा उजेड लागलेला तुकडा डेव्हलपरमध्ये बुडवावा. काही मिनिटांत तो काळाभोर झाला तर द्रावण जिवंत आहे असे समजावे. तसा न झाल्यास ते खुशाल टाकून द्यावे व नवे कालवावे. चार पैशांच्या रसायनासाठी अख्खी फिल्म पणाला लावू नये.